पाच हिरवे दिवे

कुणीही त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की ते मान वर न करता विचारायचे, "काय बंद पडलं?"

या-बसा नाही, नमस्कार नाही. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती नुसती ओळख करून घ्यायला. ते कंपनीत नवे होते आणि मी ड्रॉइंग ऑफिसात थोडी जुनी. मी म्हटलं, काही बंद पडलेलं नाही, सहज आले. त्यांनी वर पाहिलं. पुढचं वाक्य कुणीतरी सांगेल म्हणून थांबल्यासारखे ते काही वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "बरं. पडलं की सांगा."

हाच प्रश्न मी त्यांना बसस्टॉपवर विचारताना ऐकलाय, कॅन्टीनच्या वाटेवर ऐकलाय. ऑफिसातल्या एकाच्या बहिणीचं लग्न होतं. मुलीचे वडील हात जोडून स्वागताला पुढे आले, तर यांनी त्यांनाही गंभीरपणे तेच विचारलं. वडील बिचारे मंडपातल्या दिव्यांकडे बघायला लागले. आम्ही ते पुढे कित्येक दिवस हसून सांगत होतो. हसण्यासारखं होतंच, पण खरं सांगायचं तर त्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्या कामासाठी कुणी कधी गेलंच नव्हतं.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी होती. प्लॅस्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे आम्ही बनवायचो. बादलीचा साचा, खुर्चीचा साचा, स्विचच्या झाकणाचा साचा. मी लागले तेव्हा मोठ्या लाकडी बोर्डावर कागद ताणून पेन्सिलीने ड्रॉइंग काढत असू. पेन्सिलीच्या शिशाने हात कायम काळे. नव्वदनंतर काही वर्षांनी कॉम्प्युटर आले, बोर्ड गोडाऊनमध्ये गेले आणि आमची सगळी ड्रॉइंगं वरच्या मजल्यावरच्या एका काचेच्या खोलीत, एका लोखंडी पेटीत, म्हणजे सर्व्हरमध्ये, राहायला लागली. त्या पेटीबरोबर हे आले.

समोर आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. माघारी त्यांचं नाव 'सिस्टीम' पडलं होतं. "सिस्टीम बसलीय, सिस्टीमला बोलवा," हे वाक्य आमच्याकडे रोज बोललं जायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सिस्टीम आली का, सिस्टीम जेवायला गेलीय का. एवढा उंच, किंचित वाकलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला पुरुष आमच्या तोंडी स्त्रीलिंगी होऊन बसला होता. त्यांनाही ते माहीत होतं. एकदा फोनवर त्यांनी स्वतःच "सिस्टीम बोलतेय" म्हणून सांगितलं. विनोद म्हणून नव्हे. फोन करणाऱ्याला लवकर कळावं म्हणून.

खोलीत एसी इतका गार की ते बारा महिने निळा स्वेटर घालून बसायचे. मे महिन्यात, सातपूरच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस शहरबसमधून हातावर स्वेटर घेऊन उतरायचा. कंडक्टर त्यांना ओळखायचे ते त्या स्वेटरवरून. नाशिकरोडला जेलरोडवर त्यांचा फ्लॅट होता, तिथून दोन बस बदलून ते यायचे. उशीर कधी नाही, रजा जवळजवळ नाही. लग्न झालं नव्हतं. आई होती ती, ते कंपनीत यायच्या दोनेक वर्षं आधी गेली होती. लग्न का केलं नाही हे कुणी त्यांना विचारलं नाही. विचारण्याइतकं जवळ कुणी नव्हतं.

खोलीत येणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे, असा त्यांचा दंडक होता. चुकून कशाला धक्का लागू नये म्हणून. "हात मागे," एवढंच म्हणायचे. शिपायालाही आणि मालकांनाही. मालकांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो. एका लेथवर धंदा सुरू केलेला माणूस, तोंडाने फटकळ. पण परगावचे पाहुणे आले की तेसुद्धा त्यांना रांगेने, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलांसारखे त्या खोलीतून फिरवून आणायचे.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. आमचा मखमलाबादला मळा आहे. झेंडूची टोपली दर वर्षी माझ्याकडून यायची. खालची यंत्रं झाली की शिपाई गावितमामा ताट घेऊन वर येत. हे आडवे उभे राहायचे. कुंकवाचा कण पंख्यात गेला तर काय होईल ते मामांना समजावून सांगायचे. मामा पेठकडच्या डोंगरातले, देवभोळे. एक यंत्र बिनपूजेचं ठेवायला त्यांचं मन धजायचं नाही. शेवटी दोघांत तोडगा निघाला. पूजा खुर्चीची करायची. मग दर वर्षी त्यांच्या फिरत्या खुर्चीला हळदकुंकू लागायचं, पाठीला झेंडूची माळ पडायची, आणि दिवसभर ते त्या माळेला टेकून, स्वेटरला हळद लावून घेत, काम करत बसायचे.

ते आमच्यात जेवायला येत नसत. आम्ही सगळे जेवायला उठलो की पेटीवरचा भार कमी होतो, तेव्हाच त्यांची तपासणी चालायची. आम्ही परत आलो की ते जायचे. रिकाम्या कॅन्टीनमध्ये, पुसून ओल्या टेबलाशी एकटे बसून डबा खायचे. काही वर्षं असंच चाललं आणि मग त्यांना तसंच आवडतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्या पेटीत काय असतं हे मात्र त्यांनी मला एकदा नीट सांगितलं होतं. मी विचारलं म्हणून. त्यांना बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं असावं, कारण ते उठून उभे राहिले. पेटीत पाच डिस्का होत्या, एकाखाली एक, आणि प्रत्येकीच्या तोंडावर एक छोटा हिरवा दिवा. त्यांनी कागदावर चार आकडे लिहिले आणि खाली त्यांची बेरीज. मग एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, हा पुसला गेला तर सांगता येईल का. मी म्हटलं, येईल की, बेरजेतून बाकीचे वजा करायचे. त्यांना फार आनंद झाला. एवढंच आहे, म्हणाले. पाचातली एक डिस्क गेली तरी उरलेल्या चारांवरून तिच्यातलं सगळं परत काढता येतं. नवी डिस्क बसवायची, बाकीच्या चार जणी तिला सगळं सांगतात. सांगत असतात तोवर दिवे लुकलुकतात. सांगून झालं की पाचही दिवे स्थिर.

मी विचारलं, दोन पुसले गेले तर?

"तर संपलं," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

दोन हजारनंतरच्या एका हिवाळ्यात नेमकं तेच झालं. निफाडकडे द्राक्षं गारठून गेली होती आणि आमच्या ऑफिसातही लोक स्वेटरं घालून बसले होते. त्या दिवसांत तेवढे ते आमच्यासारखे दिसायचे. एका डिस्कचा हिरवा दिवा जाऊन तांबूस लागला. त्यांनी नवी मागवली, आणि एक जास्तीची असावी म्हणून आणखी एक. मंगळवारी सकाळी त्यांनी जुनी काढून नवी बसवली. दिवे लुकलुकायला लागले. आम्ही खाली काम करतच होतो.

दुपारी माझ्या पडद्यावरचं ड्रॉइंग गोठलं. मग शेजारच्याचं. मग सगळ्यांचं. आम्ही नेहमीसारखं "सिस्टीम बसली" म्हणून ओरडलो आणि चहाला उठलो. अर्ध्या तासात उठेल असं वाटलं होतं. मी वर गेले तर ते पेटीसमोर उभे होते, हात पाठीमागे बांधून. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही.

नवी डिस्क भरत असताना, उरलेल्या चारांपैकी एक मध्येच अडखळली होती. पेटीने तिलाही बाद करून टाकलं होतं. पाचातले दोन आकडे पुसले गेले होते.

मोठे साहेब वर आले. रोज संध्याकाळी टेपवर नक्कल घेतली जायची हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे ते तसे शांत होते. टेप लावली. वाचली गेली नाही. त्याआधीची लावली. तीही नाही. मागे मागे जात शेवटी एक चांगली लागली ती कित्येक महिन्यांपूर्वीची होती. त्यानंतरच्या प्रत्येक साच्याचं ड्रॉइंग, प्रत्येक दुरुस्ती, त्या पेटीतच. मोठ्या साहेबांनी विचारलं, तुम्ही रोज टेप घेत होतात ना.

"रोज घेतली," ते म्हणाले. "वाचून बघितली नाही."

सबब नाही, बचाव नाही. मोठ्या साहेबांचा तोंडाचा पट्टा सुटेल म्हणून आम्ही काचेबाहेर अंग चोरून उभे होतो. पण ते तिथल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, सगळी कंपनी त्या पेटीत आहे हो.

ज्यांच्याकडून पेटी घेतली होती त्यांच्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याने सांगितलं की दोन डिस्का गेल्यावर काही उरत नाही, पाचही पुसून पेटी नव्याने मांडा आणि जी टेप चालतेय ती भरा. संध्याकाळपर्यंत काम सुरू होईल. मोठ्या साहेबांना ते पटलं. निदान काहीतरी सुरू होणार होतं. ते म्हणाले, करा तसं.

यांनी कीबोर्डची वायर काढली आणि कीबोर्ड काखेत धरला.

"साहेब, हे केलं की परत यायला रस्ता नाही."

"आणि नाही केलं तर?"

"ती दुसरी डिस्क मेलेली नाही. वाचताना अडखळली, म्हणून पेटीने तिला बाहेर काढली. तिला सावकाश वाचलं तर ती सांगेल."

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही."

इतकी वर्षं मी त्यांना मोठ्या साहेबांना नाही म्हणताना बघितलं नव्हतं. कीबोर्ड असा छातीशी धरून उभे होते की तो कुणी हिसकावून घेणार आहे. मोठे साहेब म्हणाले, आठवडा संपेपर्यंत बघा.

त्यांनी पाचही डिस्का एकेक करून बाहेर काढल्या. काढण्याआधी प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्या जागेचा आकडा लिहिला. जागा बदलल्या तर बेरीज चुकते, असं मला म्हणाले. अडखळलेली डिस्क एका वेगळ्या कॉम्प्युटरला जोडली, शेजारी ती जास्तीची कोरी डिस्क, आणि पहिलीतला मजकूर दुसरीवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. जिथे ती अडखळेल तिथे सोडून पुढे जायचं, आणि पुढचं झालं की मागे येऊन पुन्हा विचारायचं. डिस्क तापू नये म्हणून टेबलफॅन लावला होता. पडद्यावर एक आकडा होता, तो मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होता. करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

आम्हालाही काम नव्हतं. ड्रॉइंगं नाहीत तर ड्रॉइंग ऑफिसने करायचं काय. आधी एकदोघं चौकशीला वर गेले. मग जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये कुणी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून टाकल्या. बुधवारी दुपारी मी जास्तीच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत नेलं होतं. आमच्याच मळ्यातली वांगी. काचेपाशी वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यांना म्हटलं, इथून तो आकडा दिसतो, इथे बसूनच जेवा. ते आले. मांडी घालून बसायला त्यांना जरा वेळ लागला. आम्ही सात-आठ जण गोल करून बसलो. मी त्यांना कुणाच्या सोबत जेवताना बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांनी आपल्या डब्यातली बटाट्याची भाजी सगळ्यांना थोडी थोडी वाढली. स्वतःला काही ठेवली नाही.

आणि मग ते बोलले. कुणीतरी सहज विचारलं की तुमचं गाव कोणतं, तर म्हणाले, एकलहरे. वडील वीजकेंद्रात होते, लहानपण कॉलनीत गेलं. तिथे रात्रंदिवस एक घरघर असायची. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही. कॉलनीतल्या लोकांना ती ऐकूच यायची नाही. पण एखादा संच बंद पडून आवाज थांबला की अख्खी कॉलनी जागी व्हायची. बायामाणसं गॅलरीत येऊन उभी राहायची, चिमणीकडे बघत, कुणाचा नवरा कामावर आहे ते एकमेकींना विचारत. त्यांची आई शेजारणीशी एरवी बोलत नसे, पण त्या वेळी बोलायची. आवाज परत सुरू झाला की सगळ्या आत जायच्या. हे सगळं ते आकड्यावरची नजर न काढता सांगत होते. सांगून झाल्यावर भाकरीचा तुकडा तोडला आणि म्हणाले, भरीत चांगलं झालंय.

गावितमामा चहाचे कप घ्यायला आले होते, ते मला हळूच म्हणाले, "सायेब लय बोलत्यात की. मला वाटायचं, त्यांना बोलाया नाय आवडत."

गुरुवारी उतरवून घेतलेली डिस्क त्यांनी मूळ जागी बसवली, बाकीच्या आपापल्या आकड्याप्रमाणे लावल्या आणि पेटीला, तुला वाटतंय तसं नाही, ही डिस्क चांगली आहे, असं कसंतरी मान्य करायला लावलं. ते कसं केलं हे मला आजही सांगता येणार नाही. खाली यंत्रावर पोलादाचा ठोकळा चढवलेला आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं अशी दोन-तीन कामं होती. संध्याकाळी त्यांनी तेवढी ड्रॉइंगं काढून दिली. ताजी, शेवटच्या दुरुस्तीसकट. म्हणाले, तेवढी काढता आली, बाकीचं चालू आहे.

मग शुक्रवार. शनिवारी सातपूरला साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे लोकांना लवकर घरी जायला हरकत नव्हती. पण कुणी गेलं नाही. पॅसेजमध्ये खुर्च्या वाढल्या होत्या. स्टोअरवाले, खालचे फिटर, सगळे येऊन बसत. मोठे साहेब जेवणानंतर आले ते तिथेच रेलले आणि पहिली लेथ कशी बैलगाडीतून आणली ते सांगायला लागले. त्यांच्या तोंडून एवढा वेळ शिवी न येता गोष्ट निघालेली आम्ही प्रथमच ऐकत होतो. गावितमामांनी नागलीच्या कापणीचं सांगितलं. काचेपलीकडे हे खुर्चीवर, आमच्याकडे तोंड करून, गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. मधूनमधून बाहेर यायचे, ऐकायचे, पुन्हा आत जायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, अजून बघतोय.

मी त्यांना ताकाचा पेला द्यायला आत गेले. सवयीने एक हात मागे बांधला. पेटीकडे नजर गेली.

पाचही दिवे हिरवे होते आणि एकही लुकलुकत नव्हता.

मी परत नीट बघितलं. मंगळवारची ती नवी डिस्क पुन्हा भरली जात असेल तर एव्हाना भरून झाली होती. कदाचित जेवणाआधीच. त्यांनी माझ्या नजरेच्या मागे नजर नेली. आम्ही दोघं काही क्षण त्या दिव्यांकडे बघत उभे राहिलो. बाहेर मोठ्या साहेबांच्या कुठल्याशा वाक्यावर हशा पिकला. तो काचेतून आत जेमतेम ऐकू आला.

"संध्याकाळपर्यंत राहू द्या, ताई," ते म्हणाले.

आवाज नेहमीचाच होता. त्यात विनवणी असती तर मला कदाचित राग आला असता. मी पेला टेबलावर, यंत्रापासून लांब, ठेवला आणि बाहेर येऊन माझ्या खुर्चीवर बसले. शेजारच्याने विचारलं, काय म्हणतायत. मी म्हटलं, चाललंय.

ती दुपार मला अजून आठवते. कुणालाच काही करायचं नव्हतं आणि काही करता येत नसल्याबद्दल कुणाला अपराधी वाटत नव्हतं. ऊन तिरपं होऊन खुर्च्यांखाली आलं. ते बाहेर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. कुणीतरी त्यांना कॉलनीबद्दल आणखी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, त्यांच्या आईला चिमणीच्या धुरावरून वारं कुठलं आहे ते कळायचं आणि त्यावरून ती कपडे कुठे वाळत घालायचे ते ठरवायची. लोक हसले. तेही हसले. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. इतक्या वर्षांत ती मला दिसली नव्हती.

ऊन जिन्याशी पोचलं तेव्हा ते उठले, आत जाऊन आले आणि म्हणाले, "आलं सगळं."

टाळ्या झाल्या. मोठ्या साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग एकेक जण उठला. आपापली ड्रॉइंगं खरंच आली का ते बघायला सगळे जिन्याने धावत खाली गेले. मीही गेले. माझं खुर्चीच्या पायाचं ड्रॉइंग होतं, जिथे सोडलं होतं तिथेच. पिशवी वर राहिली म्हणून मी परत आले तर पॅसेज रिकामा होता. ते एकटेच खुर्च्या एकात एक घालून रचत होते. मी हात लावायला गेले तर म्हणाले, राहू द्या, तुमची बस जाईल.

नंतर काही दिवस आम्ही तिघं-चौघं वरच्या पॅसेजमध्ये जेवत होतो. मग कुणाला जिना चढवेना, कुणाला एसीचा आवाज नको झाला. मी पुष्कळ दिवस जात राहिले. दोघांना बोलायला विषय कमी पडायचे. त्यांना ते जाणवायचं आणि ते मला म्हणायचे, ताई, तुम्ही खाली जा, तिकडे हसतायत सगळे. पेटी पुढे कधी बंद पडली नाही. त्या प्रकरणानंतर ते टेप घ्यायचे आणि लगेच वाचूनही बघायचे. सगळं इतकं नीट चालायला लागलं की आठवडेच्या आठवडे वर कुणी जात नसे.

काही वर्षांनी ते कामच बाहेर दिलं गेलं. पेटी पुण्याला, तिची देखभाल पुण्याहून. त्यांना थोडं आधी निवृत्त केलं. निरोपाच्या वेळी शाल-श्रीफळ झालं. बोला म्हटल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं चालू स्थितीत देऊन जातोय." आणि बसले. लोक वड्यांकडे वळले. मोठे साहेब माझ्याजवळ उभे होते. हळू आवाजात म्हणाले की त्या शुक्रवारी मला दुपारीच कळलं होतं. गुरुवारी जी ड्रॉइंगं निघाली ती सगळी शेवटच्या दुरुस्तीची होती. तेवढी निघतात म्हणजे बाकीची येतातच, एवढं यंत्र मलाही कळतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, "मला तरी कुठे घरी जायची घाई होती."

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी जेलरोडला गेले होते. तिसरा मजला. जिना चढून वर आले तर दार सताड उघडं. मला वाटलं, घरात काही झालंय की काय. ते आत खुर्चीवर, दाराकडे तोंड करून बसले होते. थकले होते, पण कपडे इस्त्रीचे. मी म्हटलं, दार असं उघडं कसं. ते म्हणाले, दिवसभर उघडंच असतं. बंद असलं की लोकांना वाटतं, घरात कुणी नाही.

चहा त्यांनीच केला. बरा केला. मुलीची चौकशी केली, मळ्याची केली, गावितमामांची केली. ते पेठला परत गेले, मी सांगितलं. बोलता बोलता तो आठवडा निघाला. मला वाटलं, सांगून टाकावं, बरं वाटेल त्यांना. मी म्हटलं, साहेब, तेव्हा मोठ्या साहेबांनाही ठाऊक होतं. दुपारपासूनच.

त्यांनी कप बशीत ठेवला. समोरच्या फ्लॅटमधून कुकरच्या शिट्या येत होत्या.

"मग बसले कशाला?"

मी म्हटलं, बसावंसं वाटलं असेल.

त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं. त्यांनी आयुष्यभर दोन अधिक दोन तपासून घेतलं होतं, ही बेरीज त्यांना जमत नव्हती. पुन्हा एकदा विचारलं, काही काम होतं का त्यांचं माझ्याकडे. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पत्रिका उचलली, तारीख वाचली आणि येईन म्हणाले.

निघताना त्यांनी मला पोचवायला उठू नये म्हणून मी घाईने चपला घातल्या आणि सवयीने दार ओढून घेतलं. लॅच लागल्याचा आवाज झाला. एक मजला उतरले असेन नसेन. वर पावलं वाजली, लॅच निघालं आणि दार परत भिंतीला जाऊन टेकलं.